कातळावरचे आकडे

मिस्ड कॉल आला तेव्हा रायबा कातळावरच बसला होता. शेरडं खाली करवंदीच्या जाळीत तोंड घालून होती. त्यानं खिशातून गारगोटी काढली, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि मेसेजची वाट बघू लागला.

ही बापलेकीची रीत होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या धनगरवाड्यात रेंज मिळते ती एवढ्या कातळावर. पुण्यात शिकणारी मोहिनी आधी मिस्ड कॉल द्यायची. मग विद्यापीठाचा मेसेज यायचा. बटणाच्या मोबाईलवर बोलता बोलता मेसेज वाचणं रायबाला जमत नसे, म्हणून त्यातले सहा आकडे तो गारगोटीनं कातळावर ओढून ठेवायचा आणि पोरीचा फोन आला की कातळावरून वाचून दाखवायचा. त्या आकड्यांशिवाय विद्यापीठ तिला तिच्याच खात्यात शिरू देत नसे. खात्यात तिचे मार्क, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळं होतं. ॲडमिशनच्या वेळी घरात एकच मोबाईल, तेव्हा त्याचाच नंबर लागला. विद्यापीठ कुठल्या बाजूला आहे हे रायबाला ठाऊक नव्हतं, पण विद्यापीठ रायबाला नंबरासकट ओळखून होतं. आणि जगापासून लपवायचे ते आकडे उघड्या कातळावर पांढरेशुभ्र पडलेले असत. त्यांच्यावर लेंड्या टाकत शेरडं निघून जात.

मोहिनी मुलखाची विसराळू. लहानपणी एकदा शेरडं रानात विसरून घरी आली होती. आता पासवर्ड विसरायची. विसरली की नवा करायचा, आणि नवा करायचा तर आकडे हवेत. या खोडीपायी रायबानं तिला पूर्वी पुष्कळ बोल लावले होते. आता ती खोड देवानंच दिली असं त्याला वाटायचं.

कारण आकडे तो सरळ सांगतच नसे. चार सांगायचा, मग बांडी शेळी व्यायला झाली हे सांगायचा. सात सांगायचा, मग वाड्यात कुणाचं लग्न जमलं ते. आकड्यांचा जीव तो केवढा, कधी करडाच्या कौतुकातच ते मरून जायचे. मग मोहिनी चिडायची, नवे मागवायची आणि पुन्हा फोन करायची. रायबाची त्याला काहीच हरकत नव्हती. घरात तो एकटा होता. शेरडांशी बोलायचा, पण शेरडं काही जेवलात का म्हणून विचारत नाहीत. पोर आकड्यांसाठी फोन करते हे त्याला कळत होतं. आकडे लागले नसते तर केला असता का, हे त्यानं कधी पडताळून पाहिलं नव्हतं. त्याला भीतीच वाटायची.

मेसेज आला. त्यानं आकडे ओढले आणि फोन वाजला.

आज मोहिनीला भारी घाई होती. तिच्या खोलीतल्या शेफालीला कुणीतरी कॉलेजमधून बोलतोय असं सांगून फोन केला, आकडे काढून घेतले आणि तिच्या खात्याचा पासवर्डच बदलून टाकला. पोरगी रडून रडून अर्धी झाली होती. तेव्हा आता सगळ्यांनी खात्याला स्वतःचाच नंबर जोडायचा, आणि तोही आजच, नाहीतर खातं बंद करणार असं विद्यापीठवाले म्हणत होते. हे आकडे त्यासाठीच होते.

"आता तुमाला उन्हाचं कातळावर बसाया नको, आबा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात खरी काळजी होती, आणि तीच रायबाला बोचली. शेरडं घेऊन मी रोज येतोच की हितं, असं तो पुटपुटला. ती म्हणाली, ते खरं, पण आधी आकडे सांगा.

रायबानं तीन सांगितला, शून्य सांगितला, आठ, पुन्हा आठ, एक. मधे काही घातलं नाही. शेवटच्या आकड्याशी तो थांबला. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की हे आकडे मरणार होते आणि पोरीला पुन्हा फोन करावा लागणार होता. उद्यापर्यंत ताणलं तर खातंच बंद पडणार होतं. खाली बांडीच्या गळ्यातली घंटी वाजली.

"आबा? शेवटचा?"

"बांडी आज..." तो म्हणाला, आणि पुढचं गिळून टाकलं. "पाच."

पलीकडे टकटक झाली. झालं एकदाचं, असं म्हणून मोहिनी हसली. किती दिवसांनी इतकी मोकळी हसली. रायबाला बरं वाटलं.

"आन आबा, कुणीबी माझं नाव सांगून आकडे मागितले तर द्यायचे न्हाईत. लई फसवत्यात."

"तू मागितलंस तर?"

"मी आता मागणारच न्हाई ना."

तिच्या तासाची वेळ झाली होती. बांडीचं मग निवांत सांगा म्हणाली आणि फोन ठेवला.

रायबा तसाच बसून राहिला. तेवढ्यात मोबाईल वाजला. मेसेज होता, विद्यापीठाचाच. त्यानं झटकन गारगोटी उचलली, कातळावर कोरी जागा बघितली आणि मोबाईल लांब धरला. इंग्रजी ओळी होत्या. त्यांच्याखालून त्यानं बोट फिरवत नेलं, शेवटापर्यंत. मग पुन्हा वरून. त्यात आकडा एकही नव्हता.