जादा चाल

"टाक ना दुसरा मंत्र!" मी शर्वाणीवर ओरडलो. पटावरचा ड्रॅगन तिच्या अग्निमंत्राने अर्धमेला झाला होता, पण माझ्यानंतर पाळी त्याची होती.

आमच्या खेळात एका पाळीत एकच मंत्र टाकता येतो. जादा चाल खर्च केली तर दुसरा. पण ती अख्ख्या मोहिमेत एकदाच मिळते.

"नाही जमणार," म्हणत तिने आपल्या पात्राच्या नोंदींचा कागद हाताखाली झाकला.

म्हणजे आमची जादूगारीण जादा चाल स्वतःसाठी राखून ठेवतेय! बाकीचे दोघे छताकडे बघत होते. सगळे मिळालेले. मी कागद हिसकावला.

जादा चालीच्या चौकोनावर फुली होती. तारीख मागच्या रविवारची. त्या दिवशी बाबांचं दहावं होतं, मी खेळायला आलो नव्हतो; माझा योद्धा हेच तिघे चालवत होते.

खाली पेन्सिलीने लिहिलं होतं : "मकरंदचा योद्धा मेला. जादा चालीत संजीवनी मंत्र टाकला. त्याला कुणी सांगायचं नाही. एवढ्यात आणखी एक मरण नको."

पाळी माझी होती. मी योद्धा उचलून जादूगारीण आणि ड्रॅगनच्या मधोमध ठेवला.