दाब, धर, सोड

नवरा वारल्यावर त्याची जुनी गाडी तिला भंगारात द्यायची नव्हती. आज ब्रेक जमले नाहीत, तर उद्या भंगारवाला ती ओढून नेणार होता.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला माणसं दोन लागतात. तिनं नणंदेला ब्रेकवर पाय ठेवून गाडीत बसवलं आणि नळीचा स्क्रू सैल करायला स्वतः मागच्या चाकापाशी आडवी झाली.

"दाब!"

"दाबला गं बाई. वहिनी, तू तर दादाच्याही वरताण निघालीस."

"धर. मी स्क्रू आवळेपर्यंत पाय उचलू नकोस."

नणंद घाईनं पाय उचलायची आणि हवा परत आत जायची. पूर्वी हीच चूक ती स्वतः करायची. खालून नवरा ओरडला की म्हणायची, "एकदा तू वर बसून दाखव!"

हळूहळू वरची बडबड थांबली. पाय शांतपणे दाबायचा, धरायचा, सांगितल्यावरच सुटायचा. नळीतून येणारे हवेचे बुडबुडे संपले.

"दाब," ती शेवटचं म्हणाली. ब्रेकचा दिवा मागच्या भिंतीवर लाल उमटला.

तेवढ्यात नणंद घरातून चहा घेऊन आली. "फोन वाजला म्हणून मघाशीच उठले गं. खोळंबलीस ना?"

भिंत अजून लाल होती. ती 'सोड' म्हणाली नव्हती.