येणारा आवाज

कापसाच्या सभेत आज ममता पहिल्यांदाच बोलणार होती. कापूस खरेदी केंद्र जवळच, बोरी अरबलाच सुरू करा, एवढं सरकारी साहेबांना सांगायचं होतं. पण तिचं बोलणं घरातसुद्धा चुलीपलीकडे जात नसे. बुद्धविहारातला माइकचा मिक्सर जळाला होता, म्हणून तिचे सासरे उकंडाजी माइक घरच्या होम थिएटरला आणि ते विहाराच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडून नात मोनालीला आवाज लावायला शिकवत बसले होते. मोनालीने ॲम्प्लिफायरचं बटण पूर्ण फिरवलं. ममता माइकवर हळूच "हॅलो" म्हणाली. भोंग्यातून नुसती खरखर आली.

"मोठ्या मशीनले कायले पिळतं वं? येनारा आवाज बारीक असला, तं थे खरखरच मोठी करते. आधी होम थिएटरात आवाज भरून घे, मंग मशीन." उकंडाजी सुनेकडे वळले. "अन् ममता, नाल्यापलीकडून पोरीले हाक मारतं न, तशी मार."

ममताने पदर सावरला. "मोनेऽऽऽ!"

पिंपळावरचे पारवे उडाले. मोनालीने हसत होम थिएटरचा आवाज वाढवला आणि ॲम्प्लिफायरचं बटण निम्म्यावर आणलं.

सभेत ममता माइक घट्ट धरून, मान खाली घालून बोलली. आधी अडखळली, मग त्या हाकेच्याच आवाजात बोलत राहिली. शेवटच्या रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

खाली येऊन तिने घाम पुसला. "मामाजी, पोरीनं आवाज बराबर लावलता न?"

"एकदम बराबर," उकंडाजी वायर गुंडाळत म्हणाले. "पन लाइट तं तू उभी राह्यली तवाच गेली."