बादशाचं नाव

“बघा, तुमच्याच डोळ्यांनी बघा,” असं म्हणून सावित्रम्मांनी माजघराकडं तोंड केलं आणि चौथ्यांदा हाक मारली. “विजयमाला, चहा आण गं.”

आतून उत्तर आलं नाही. परसात भांडी घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

समोर जमखान्यावर शिवप्पा मान खाली घालून बसले होते. अक्कलकोटकडच्या खेड्यातून त्यांना तातडीनं बोलावून घेतलं होतं, लेकीबद्दलचं गाऱ्हाणं ऐकायला. गाऱ्हाणं एकच होतं. पोरगी बहिरी आहे आणि ते लपवून बापानं ती गळ्यात मारली. दाराशी तिची पत्र्याची पेटी भरून ठेवली होती. म्हणजे बोलावणं विचारायला नव्हतंच, न्यायला होतं.

“समोर उभं राहून बोललं की सगळं ऐकू येतंय. मागनं हाक मारली की दगड,” सावित्रम्मा म्हणाल्या. “तुमी तिचे कान दाखवा कुणाला तरी. बरे झाले तर आणून सोडा. न्हाय झाले, तर तुमची लेक तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे.”

“घरी तिला चांगलं ऐकू येत होतं की, विहीणबाई.”

“म्हंजे आमी खोटं बोलतो? आमी काय कमी केलं तिला? आल्या आल्या ईरम्माची विजयमाला केली. ताटात तांदूळ पसरून आमच्या बसलिंगप्पानं अंगठीनं नाव लिहिलं. सात रस्त्याला आमचं चादरीचं दुकान, चार मोठी माणसं घरी येत्यात. त्यांच्यापुढं काय ईरम्मा म्हणून हाक मारायची? आन् त्याचे पांग असे फेडले.”

मुलीचा बाप म्हटला की त्याच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली व्याह्यांच्या कनवटीला. ही रीत कुणी घातली कोण जाणे, पण पाळतात सगळे. शिवप्पांचं डोकं तापलं होतं. ते पटक्याच्या सोग्यानं घाम पुसत राहिले.

या सगळ्यात घरधन्याचं, चनबसप्पांचं, लक्षच नव्हतं. सुनेचं घर मोडायला निघालं होतं आणि हे गृहस्थ उंबऱ्याशी उकिडवे बसून बाहेरच्या कुत्र्याला चुचकारत होते. सात रस्त्यावरचा टांगेवाला कासीम वारला, आणि त्याचा कुत्रा बेवारशी झाला. कुत्री पकडणाऱ्यांनी त्याला गाडीत कोंबलं, तेव्हा चनबसप्पा दुकानातून अनवाणी धावले आणि भांडून त्याला सोडवून घरी घेऊन आले. तेव्हापासून घरात त्याचंच कौतुक चाललं होतं. दूध कोमट हवं. कुणी आवाज चढवायचा नाही. कासीमच्या टांग्यातलं जुनं पोतं त्याच्या अंगाखाली हवं, कारण त्याला ओळखीचा वास लागतो. तरी तो अंगणातून आत पाऊल टाकत नव्हता.

सावित्रम्मांना पाहुण्यासमोर हीसुद्धा फजिती नको होती. त्यांनी कडक भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला. “भैरू, ये. भैरू, भैरू.”

कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही.

“ह्यो बी बहिराच दिसतोय,” सावित्रम्मा म्हणाल्या.

चनबसप्पा ताडकन उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“किती डाव सांगायचं तुला? भैरू म्हणू नको त्याला. त्याचं नाव बादशा हाय.”

“शिवभक्ताच्या घरात बादशा शोभतं व्हय?”

“तुला शोभत न्हाय म्हणून त्यानं आपलं नाव विसरायचं? मालक गेला, घर गेलं, वळखीची माणसं गेली. आता एक नाव तेवढं त्याचं म्हणून उरलंय, ते बी तू काढून घेणार. आन् वर बहिरा म्हणणार. अगं, भैरू म्हणून तू शंभर हाका मार. त्याला कसं कळावं, आपल्यालाच बोलावतायत म्हणून? जरा दयामाया पायजे माणसाला.” मग ते शिवप्पांकडं वळले. “तुमी गुरंढोरं संभाळणारी माणसं, व्याही. तुमीच सांगा, माझं काय चुकतंय?”

उत्तराची वाट न बघता ते उंबऱ्याशी वाकले आणि हलकेच म्हणाले, “बादशा.”

कुत्र्याचे कान उभे राहिले. तो उठला, उंबऱ्यापाशी घुटमळला, मग आत आला आणि चनबसप्पांच्या पायावर हनुवटी टेकून पडला. चनबसप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागले.

शिवप्पा कुत्र्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दाराशी ठेवलेल्या पेटीकडं बघितलं. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती, पण बोलताना आवाज अगदी साधा होता.

“तुमचं काहीच चुकत न्हाय, व्याही,” ते म्हणाले. “लई शाणपणाचं बोललात.”

मग जागेवरून न उठता, आवाज न चढवता, त्यांनी माजघराकडं तोंड करून हाक मारली.

“ईरम्मा.”

परसातला भांड्यांचा आवाज थांबला.

“बंदे, अप्पा,” पलीकडून कानडीत ‘आले’ अशी ओ आली आणि पाठोपाठ धावत्या पावलांचा आवाज. कोपरापर्यंत राखेनं भरलेले हात तसेच घेऊन ती दारात उभी राहिली. बापाला बघून तिचं तोंड फुललं होतं. “कवा आलात, अप्पा? मला कुणी सांगितलंच न्हाय.”

कुत्र्याच्या डोक्यावरचा चनबसप्पांचा हात जागच्या जागी थांबला. बोलल्या त्या सावित्रम्माच, पण त्यांचा आवाज उतरला होता.

“मघाधरनं चार हाका मारल्या की तुला.”

तिनं भरून ठेवलेली आपली पेटी बघितली. मग सासूकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच डोळे खाली न घालता ती म्हणाली,

“मला न्हाय मारल्या, आत्याबाई.”