सहा फुटांचा उतार

फळी दारातून आत येईना. सहा फूट लांब, वर रूळ, कोळशाच्या चार वाघिणी, दोराच्या यंत्राचं घर, सगळं मांडलेलं. दार सारखं आपोआप मिटायचं आणि फळीच्या कडेवर आपटायचं.

"थांब, मोडशील," म्हातारी म्हणाली. कोपऱ्यातला लाकडाचा ठोकळा तिने टाचेने सरकवत आणला आणि दाराखाली दाबला. वाकलीसुद्धा नाही. "आण आता तुझं खेळणं."

फळी आणणाऱ्या माणसाचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. खेळणं म्हटलेलं त्याला झोंबलं, पण गरज त्याची होती. त्याने फळी टेबलावर ठेवली. म्हातारीची लेक पाण्याचा पेला घेऊन आली. तिचा डावा हात कोपरात वाकडा होता.

"दोन वर्षं लागली, मावशी. खाण बंद, रूळ भंगारात गेलेले. टेप धरून अख्खा उतार पालथा घातला. यंत्रघराचा पाया काट्यांतून उकरला. वाघिणींत शिसं भरलंय, वजनात फरक नको."

"आणि या कोण सटव्या?" वरच्या फाटकाशी पत्र्याच्या चार बायका उभ्या होत्या.

"डबे घेऊन येणाऱ्या. फाटकाच्या आत यायची परवानगी नव्हती."

"परवानगी!" म्हातारी हसली. "हातात गरम डबा, डोक्यावर ऊन. परवानगीसाठी कोण ताटकळतंय?"

उताराच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा एक माणूस वाकून उभा होता. ते कोण, हे तिने विचारलं नाही. त्याला चिमटीत धरून तिने उलटा फिरवला. "तोंड वर पाहिजे."

"रुळाचा सांधा बदलताना वर पाठच असते, मावशी. तुमच्या मालकांना काही दिसलं नसणार."

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी भरलेल्या चार वाघिणी त्या उतारावरून सुटल्या आणि खाली उभ्या असलेल्या सांधेवाल्याला, म्हातारीच्या नवऱ्याला, शंभर फूट फरपटत घेऊन गेल्या. उरलं ते कोळशाच्या दोन टोपल्यांत भरून आणलं. त्याच संध्याकाळी त्याच्या भावांनी वाघिणी दोराने वर-खाली करणाऱ्या दोरवाल्याला घरातून ओढून काढलं, त्याचे दोन्ही हात रुळावर धरले आणि पहारीने ठेचले. बोटं मोजता येईनात तेव्हा थांबले.

दोरवाला या नकाशेवाल्याचा बाप.

"माझ्याच दिरांनी ठेचले," म्हातारी म्हणाली. "इथपर्यंत आवाज येत होता. ओलं लाकूड फोडावं तसा." मग, "जेवायचा कसा रे तो?"

"आई भरवायची. ती गेल्यावर मी. पंचवीस वर्षं."

म्हातारीने पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

"आता हे बघा," तो म्हणाला. "वाघिणी वर आणून उभ्या केल्या की सांधेवाला चाकाखाली पाचर मारणार. खाली येऊन सांधा बदलणार. परत वर जाऊन दोर लावणार, मगच पाचर काढणार. पाचर ज्याची त्याची, प्रत्येकीवर डाग दिलेला. तुमच्या मालकांचा डाग तीन रेघांचा, खाणीच्या वहीत चित्र आहे. दुसऱ्याच्या पाचरीला कोणी हात लावला तर गडी त्याचे दात पाडायचे."

"ठाऊक आहे. मला शिकवू नकोस."

"चौकशीत पाचर सापडली नाही. साहेब म्हणाले, म्हणजे दोर लावून पाचर काढली होती, आणि दोरवाल्याने दोर सोडला."

त्याने वाघिणी उतारावर वर नेल्या, काडीचा तुकडा चाकाखाली सारला आणि टेबलावर गुद्दा मारला. पेला उडाला, वाघिणी जागच्या हलल्या नाहीत. मग त्याने चिमट्याने काडी काढली. वाघिणी सुसाट खाली आल्या, पत्र्याच्या माणसाला उडवून भिंतीवर आदळल्या. तो माणूस लेकीच्या पायाशी पडला. तिने त्याला उचललं नाही.

"पाचर मारलीच नव्हती, मावशी. मालक विसरले. एवढं लिहून खाली अंगठा द्या. सोमवारी हे संग्रहालयात ठेवणार, पाटी लागणार. पाटीवर दोषी म्हणून माझ्या बापाचं नाव आहे."

"विसरला?" म्हातारी ताडकन उठली. "माझा माणूस? अरे, तो काही विसरायचा नाही. पाचर विसरला नाही, पट्टा विसरला नाही. मला बडवायचं एकही दिवस विसरला नाही. चार वर्षांच्या पोरीने दूध सांडलं, तर आधी मला खाणीवर डबा आणायला सांगितलं आणि मग सावकाश तिचा हात पिरगाळला. तो विसरला असं मी लिहून देऊ?"

"आई, पुरे," लेक म्हणाली.

नकाशेवाल्याने वाघिणी गोळा करून परत वर लावल्या, चाकाखाली काडी सारली. असल्या नवऱ्याच्याही नावाला डाग लागू द्यायचा नाही, बाईचा पीळ तो पीळच. त्याने पत्र्याचा माणूस उचलला, फळीवर ठेवला आणि फळी कशीबशी दाराबाहेर काढून ओट्यावर टेकवली.

"बाबा मरताना हात वर धरून म्हणाले, मी नाही सोडला. आता कोणाला पटवू?"

म्हातारी दाराबाहेर आली. दाराखालच्या ठोकळ्याला तिने टाचेचा एकच फटका मारला. ठोकळा उडून बाहेर आला, आणि तिच्या पाठीमागे दार धाडकन मिटलं. मग ती वाकली. ठोकळा उचलून तिने फळीवर ठेवला, वरच्या वाघिणीपाशी. यंत्रघराहून तो मोठा दिसत होता.

"घेऊन जा. सोमवारी दाखव त्यांना."

त्याने ठोकळा उलटा केला. लाकूड अखंड होतं, कुठे चेपलेलं नाही की फुटलेलं नाही. तळाला तापल्या सळईने ओढलेल्या तीन काळ्या रेघा होत्या.

"फाटकावरची एक बाई उचल, त्या वाघिणीच्या चाकापाशी ठेव," म्हातारी म्हणाली. "आणि खालच्या या माणसाचं तोंड वरच कर. तो तिच्याकडेच बघत होता."