कोण शिंकलं?

"तो गार पाणी पितो का रे?" आईनं फोनवर विचारलं.

काचेच्या अलीकडे मुलगा, पलीकडे आई, दोघांच्या कानाला एकेक फोन. उद्या सकाळी यान अंतराळस्थानकाकडे निघायचं होतं, म्हणून आठवडाभर जाणाऱ्यांना बाहेरच्या माणसाचं वारंसुद्धा लागू देत नव्हते. जाणार होता कप्तान. कप्तानाला काही झालं, तर जाणार होता तिचा मुलगा. इथं त्याला सगळे स्टेपनी म्हणत. तोही मुकाट ओ देई.

"कोमट पितो," स्टेपनी म्हणाला.

"पंख्याखाली झोपतो?"

"इथं पंखा नाही, आई."

"मी कुणाचं वाईट चिंतत नाही हो. पण माणसाचं शरीर आहे. येतो एखाद्याला ताप." तिनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं कप्तानाची बायको, मुलीला मांडीवर घेऊन, दुसऱ्या फोनवर काचेअलीकडच्या कप्तानाशी बोलत होती. आईनं आवाज उतरवला. "साधासुधा. दोन दिवसांचा."

"ठणठणीत आहे तो. सकाळीच पन्नास जोर काढले."

"मग अंग तरी दुखत असेल," आई आशेनं म्हणाली.

तेवढ्यात मुलीनं काचेला नाक लावलं. कप्तानही नाक लावायला पुढे झुकला, आणि आईच्या पाठीमागच्या खिडकीतलं ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं. तो शिंकला. एकदाच, पण दणदणीत.

स्टेपनीनं फोन खाली ठेवला. दोन वर्षं तो कप्तानाच्या शेजारच्या खाटेवर झोपत होता. तोंडावर ऊन आलं की या माणसाला एक शिंक येते, दुसरी येत नाही, हे त्याला पाठ होतं. पण नियमात ऊन नव्हतं. नियमात शिंक होती. शिंकेल तो दोन दिवस वेगळ्या खोलीत. यान काही कुणासाठी थांबत नसतं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई थर्मामीटर हातात घेऊनच आत आल्या, जणू दाराआड टपून बसल्या होत्या.

"कोण शिंकलं?"

काचेपलीकडे काही ऐकू जात नव्हतं, पण दिसत सगळं होतं. आई खुर्चीत ताठ बसली होती. मुलाला नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा तिच्या चेहऱ्यावर एवढं तेज नव्हतं.

स्टेपनी नुसता गप्प बसला असता, तरी उद्या तोच गेला असता. स्थानकात झोपायचा कप्पा कुठल्या भिंतीला आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. कप्तान मात्र प्रामाणिक माणूस. त्याचा हात हळूहळू वर निघाला.

"मी," स्टेपनी म्हणाला.

"तुम्ही?"

"पुन्हा शिंकून दाखवू?"

"नको. सामान उचला. उद्याचं विसरा."

कप्तानाचा हात अर्ध्यावरच राहिला. मग त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

स्टेपनीनं फोन उचलला. "निघतो, आई."

"तोंड त्याचं उघडलं," आई म्हणाली, "आणि शिंक तुला आली?"

"ऊन आलं होतं त्याच्या तोंडावर. बाकी काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"बावळट," आई शेवटी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

दारातून त्यानं वळून पाहिलं. कप्तान पुन्हा काचेशी बसला होता, बायकोशी बोलत. ऊन त्याच्या हनुवटीपर्यंत चढलं होतं. आई उठली, खिडकीशी गेली आणि तिनं पडदा ओढला. पडदा सैल होता. सोडला की मागं सरके. भेटीची वेळ संपायला अजून वीस मिनिटं होती. ती पडदा मुठीत धरून तिथंच उभी राहिली.