तीस दिवसांपेक्षा जुनं

तीस हा आकडा तुमचा आहे. नगरपालिकेचे सर्व्हर सांभाळणाऱ्या यार्मोने नव्वद लिहिलं होतं. वृद्धाश्रमातल्या खोल्यांमधल्या मदतीच्या घंटांच्या नोंदींनी सर्व्हर भरत आलाय, जुन्या फायली रोज आपोआप पुसल्या जातील असं काहीतरी कर, हे तुम्हीच त्याला मे महिन्यात सांगितलंत. त्याने सहा ओळींची स्क्रिप्ट लिहून दाखवली. तुम्ही ती उभ्या उभ्या पाहिलीत आणि म्हणालात, नव्वद कशाला, तीस कर. त्याने केलं.

ऑगस्टमध्ये हिल्का त्याच्यासमोर येऊन बसली, नगरपालिकेच्या तळघरात, पिशवी मांडीवर घेऊन. साठीची बाई. तिची आई त्या आश्रमात चौदा नंबरच्या खोलीत होती. जूनमधल्या युहानुस सणाच्या शनिवारी गेली. त्या दिवशी सगळं गाव सुट्टीला तळ्याकाठी होतं. हिल्कासुद्धा.

“झोपेत शांतपणे गेली, असं सांगितलं मला,” ती म्हणाली. “म्हटलं, असेल. पण घंटेची नोंद दाखवा. ती गेल्यानंतरच्या मंगळवारीच अर्ज दिला. त्याचं उत्तर आज आलं.” तिने तुमचं पत्र टेबलावर ठेवलं. तीस दिवसांनंतर नोंदी उपलब्ध नसतात.

अर्ज जुलैभर तुमच्या टेबलावर पडून होता. जुलैत तुमच्या मजल्यावर कुणी नसतं. स्क्रिप्टला सुट्टी नसते.

“पुसणारा तूच ना?”

“मीच.”

“मग काढ परत.”

“नाही हो निघत.” यार्मो तिच्याकडे न बघता म्हणाला, “कॉफी घेता? मशीनची आहे, वाईट असते.”

“वाईट कॉफी आश्रमात पुष्कळ प्यायलेय. तू शोध.”

स्क्रिप्टच्या शेवटी त्याने स्वतःसाठी एक ओळ घातली होती: जे पुसलं त्याचं नाव आणि आकार एका यादीत लिहून ठेवायचा. तिथवर तुम्ही वाचलं नव्हतंत. त्याने ती यादी उघडली. खोली चौदा, रोजची एक फाईल.

“बटण एकदा दाबलं की एक ओळ पडते,” तो म्हणाला. “साठ अक्षरांची. कमी नाही, जास्त नाही. हा गुरुवार बघा, एकशेवीस. म्हणजे दोनदा. शुक्रवारी साठ.”

“एकदाच. तशीच होती ती. घरातला दिवा गेला तर आठवडाभर अंधारात बसेल, पण शेजाऱ्याला हाक मारणार नाही.” हिल्का जराशी हसली. “शनिवार सांग.”

यार्मोने कागदावर भागाकार केला. मग पुन्हा एकदा केला.

“दोन हजार चारशे साठ.”

“म्हणजे किती वेळा, ते सांग ना.”

“एकेचाळीस.”

हिल्काने पिशवी घट्ट धरली. तिने विचारलं, “किती वाजल्यापासून?”

“ते फाईलच्या आत लिहिलेलं होतं,” यार्मो म्हणाला.

त्याने ते पान छापून दिलं. तिने शनिवारच्या आकड्याखाली रेघ ओढली, तुमचंच पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक प्रश्न लिहिला. दोन्ही कागद आज तुमच्या टेबलावर आहेत.

झोपलेलं माणूस एकेचाळीस वेळा बटण दाबतं का? उत्तर द्या. तीस दिवसांच्या आत.